तव्यावरची भाकरी खायला सांगलीला

आमच्या घरात जेवणाचा क्रम जणू देवानेच लावून दिला होता. आधी मामंजी आणि आले-गेले पाहुणे, मग आमचे मालक आणि दोघे दीर, मग शेतावरचे गडी, मग कुत्रं, आणि सगळ्यांत शेवटी आम्ही बायका. बायका म्हणजे दोघीच, सासूबाई आणि मी. कुत्र्याचं मी रागाने सांगत नाही. त्याचा तुकडा खरंच आमच्या आधी पडायचा, कारण ते दारात येऊन भुंकायचं आणि आम्ही भुंकत नव्हतो.

रहिमतपूरजवळच्या या गावात मी सून होऊन आले तेव्हा लढाई जोरात होती. अंगाची हळद उतरायच्या आत मालक पलटणीत परत गेले आणि मी चुलीपुढे बसले ती बसलेच. सून आली तशी सासूबाईंनी परात सोडली. ऊस होता, गुऱ्हाळ होतं, गडीमाणसं होती, त्यामुळे दोन वेळची भाकऱ्यांची चवड माझ्या गुडघ्याला लागायची. भाकरी मला येतही चांगली होती. गोल, पातळ, आराला लावली की टम्म फुगायची. गावातल्या बायका आपल्या पोरींना माझी भाकरी बघायला पाठवायच्या. पण त्या फुगलेल्या भाकरीतली एकसुद्धा माझ्या पानात गरम पडली नाही.

कोणी म्हणेल, करणारीला कोण अडवतं? शेवटची तव्यावरून काढायची आणि खायची. मीही तेच ठरवायची. शेवटची भाकरी चुलीच्या वैलाला टेकवून उभी ठेवायची, आणि नेमका त्याच वेळी कोणीतरी पाहुणा ओसरीवर काठी टेकायचा. निघाली माझी भाकरी बाहेर. आणि कधी कोणी नाहीच आलं, तर भांडी आवरून, गड्यांना वाढून, दुधाचं विरजण लावून बसेपर्यंत तिची चिवट चकती झालेली असायची. शिवाय खरं सांगायचं तर धुरात बसून स्वतः थापलेल्या भाकरीला चवच लागत नाही. पोट भरतं, तोंड रिकामंच राहतं. मला दुसऱ्या कोणाच्या तरी हातची भाकरी हवी होती, तव्यावरून थेट माझ्या पानात पडलेली, बोटाला चटका देणारी. मी सोनं मागत नव्हते, लुगडं मागत नव्हते. एक भाकरी मागत होते, आणि तीसुद्धा कोणाला बोलून दाखवायची सोय नव्हती.

मग लढाई संपली आणि मालक इटली बघून परत आले. येताना त्यांनी एक पत्र्याची ट्रंक आणली, एक जाड कोट आणला आणि डोक्यात एक खूळ आणलं. ट्रंकेत दाणे भरले, कोट मामंजींनी घेतला, खूळ माझ्या वाट्याला आलं. एका सकाळी मी न्याहारी घेऊन शेतावर गेले तेव्हा त्यांनी ते पहिल्यांदा बाहेर काढलं.

"तिकडं नवरा-बायकू एका टेबलाला समोरासमोर बसून जेवत्यात," ते म्हणाले. "आनि बाईनं पयला घास घेतल्याबिगार बाप्या ताटाला हात लावत न्हाई."

"मग वाढतं कोन?" मी विचारलं.

"वाढाया येगळा मानूस असतो."

"गरम वाढतो?"

"वाफा निघत असत्यात."

"तवर ती बाई काय करती?"

"काय न्हाई. बसती."

"नुसती बसती?"

"नुसती बसती आनि खाती."

मी बांधावर मटकन बसले. इटली कुठे आहे ते मला ठाऊक नव्हतं, पण त्या बाईचा मला इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. मालकांना वाटलं, मला त्यांच्या पलटणीतल्या हालांचं वाईट वाटलं. ते म्हणाले, "रडू नगं. आपुन बी जाऊ एकदा. समोरासमोर बसून जेवू." त्यांना समोरासमोर हवं होतं, मला गरम हवं होतं. दोन्ही एकाच जागी मिळत असेल तर भांडायचं कशाला?

आधी आम्ही साताऱ्याला गेलो. मालकांना कचेरीत काम होतं आणि मला देवीची ओटी भरायची होती, असं घरी सांगितलं. खानावळीच्या पायरीवर पाय ठेवतोय तोच गल्ल्यावरचा माणूस ओरडला, "आवं, तुमी आमच्या आक्काच्या सूनबाई न्हवं?" तो निघाला सासूबाईंच्या माहेरच्या भावकीतला. भाचा आणि भाचेसून खानावळीत जेवणार म्हटल्यावर त्याची अब्रू जायची वेळ आली. त्याने आम्हांला हाताला धरून मागच्या आळीतल्या आपल्या घरी नेलं. मालक बाहेर पाटावर बसले, मी आत बायकांत. ते घर आमच्या घराच्या दुप्पट होतं, त्यामुळे शेवटची पंगतही तेवढीच उशिरा बसली. भाकरी इतकी गार होती की माझ्या सासरची मला गरम वाटायला लागली.

साताऱ्यात प्रत्येक वळणावर आमचा कोणी ना कोणी पाहुणा उभा असतो, हे तेव्हा पक्कं झालं. म्हणून सांगली ठरली. सांगलीत आम्हांला कुत्रं ओळखत नव्हतं. पलटणीतून रजेवर येताना मालक एकदा तिथल्या एका खानावळीत जेवले होते. हळदीच्या पेठेमागे एक बाई चालवायची ती. "पानातली भाकरी संपली की तव्यावरनं दुसरी पडती," हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं होतं की तो तवा मला झोपेत दिसायचा.

पण सांगलीला जायला निमित्त काय? ओटी भरायला देव इथेच भरपूर होते. बऱ्याच विचाराने आम्ही दात ठरवला. माझी दाढ दुखते, इथल्या कोणाच्या आवाक्यातली नाही, सांगलीला एक दात काढणारा आहे, त्याचा हात हलका आहे. बेत चांगला होता. त्यात एकच खोट होती, ती मला दुसऱ्या दिवशी कळली. ज्या बाईचा दात दुखतो तिला भाकरी देत नाहीत.

सासूबाईंनी मला पेजेवर ठेवलं. नुसती पातळ पेज, वर मिठाचा खडा. भाकऱ्या मात्र मीच थापत होते, कारण दात दुखला तरी हात दुखत नव्हते. शिवाय रोज सकाळी रिंगणीच्या बियांची धुरी. विस्तवावर बिया टाकायच्या, वर पालथं भांडं, भांड्याला नळी, आणि ती नळी माझ्या तोंडात. त्याने दातातला किडा पडतो म्हणे. किडा पडला नाही, मला मात्र ठसका लागून डोळे बाहेर यायची वेळ आली. एकदा घाईत मी डाव्याऐवजी उजवा गाल धरून बसले. सासूबाईंनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "किडा हिकडनं तिकडं ग्येला वाटतं." मी मान डोलावली. मग दोन्ही बाजूंना धुरी सुरू झाली.

शेवटी त्यांनीच फर्मान सोडलं, "जावा आनि काढून टाका एकदाचा. पर दात तितं टाकून येऊ नगा. फडक्यात बांधून घरी आना. परमुलखात आपल्या मानसाचा दात कुनाच्या हाताला लागला तर लोक काय बी करत्यात." हे आमच्या हिशेबात नव्हतं. मालकांनी मला डोळ्यांनी खुणावलं, बघू पुढचं पुढे. पलटणीत ते हेच शिकून आले होते.

दुपारपुरत्या भाकऱ्या थापून ठेवून पहाटेच्या गाडीने आम्ही निघालो, मिरजेला गाडी बदलली आणि सांगलीत उतरलो तेव्हा माझ्या पोटात कावळे नुसते ओरडत नव्हते, मारामारी करत होते. पेजेवर काढलेले ते दिवस, वर धुरी. मालक म्हणाले, आधी दाताचं बघू. मी म्हटलं, दाताचं नाव काढलंत तर तुमचेच काढीन. तेव्हा आम्ही आधी खानावळीत गेलो.

खानावळ म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला लागून पाटांची रांग, टोकाला चूल, आणि चुलीपुढे ती बाई, आडव्या हाडाची, कपाळावर घाम. जेवणारे सगळे हळदीच्या पेठेतले हमाल. हात पिवळे, मिशा पिवळ्या, धोतरं पिवळी. एकदम इतके नवरदेव हळद लावून जेवायला बसलेले मी त्यापूर्वी पाहिले नव्हते. मला बघून सगळ्यांचे घास हातात राहिले.

"बाईमानूस हितं जेवत न्हाई," खानावळीची बाई म्हणाली.

"आमी दोघं नवरा-बायकू हाय," मालक म्हणाले. "समोरासमोर बसनार."

"बाई पंगतीत न्हाई, बाप्या चुलीपाशी न्हाई. माझी खानावळ बंद पडंल."

मालक ऐकेनात. लांबून आलोय, बायको उपाशी आहे, लढाई करून आलोय, असं सगळं त्यांनी सांगून टाकलं. शेवटी तिने तोडगा काढला. ज्वारीचं एक रिकामं पोतं उसवून तिने आडव्या दोरीवर टाकलं. पोत्याच्या अलीकडे चुलीशेजारी मी, पलीकडे पंगतीच्या टोकाला मालक. पाट दोन्हीकडून पोत्याला भिडवले. अशा रीतीने आम्ही समोरासमोर जेवायला बसलो. मधे फक्त पोतं होतं.

पान मांडलं गेलं. झुणका, खर्डा, कांदा फोडून, वाटीत आमटी. आणि मग तव्यावरून उचलून तिने माझ्या पानात भाकरी टाकली. फुगलेली. पापुद्र्याला एक भोक पडून त्यातून वाफेची बारीक दोरी वर निघाली होती. तो वास माझ्या नाकात गेला आणि माझं अंग कापायला लागलं. एवढं मी लग्नातसुद्धा कापले नव्हते. मी हात पुढे केला.

तेवढ्यात पोतं बोललं, "आली का?"

"आली," मी म्हटलं. "तुमची?"

"आली. घे, सुरू कर."

आणि माझा हात थांबला. नवऱ्याआधी घास घेतला तर त्याच्या आयुष्यातला दिवस कमी होतो, हे मला आईने चालायला शिकवताना शिकवलं असावं, इतकं ते अंगात मुरलेलं होतं. जो माणूस तोफांच्या तोंडून जिवंत परत आला त्याला मी झुणका-भाकरीपायी धक्का लावू? मी म्हटलं, "तुमी घ्या आदी."

"तसं न्हाई. बाईनं पयला घास घ्याचा असतो."

"आवं, मी कशी घीन?"

"मग मी बी घेत न्हाई."

पोत्यापलीकडे पंगतीत कुजबुज सुरू झाली. एक हमाल म्हणाला, "वैनी, खावा की! गार व्हतीया!" दुसरा त्याच्यावर खवळला, "न्हाई गड्या, बाईमानसानं आदी खाल्लं तर घराचं काय ऱ्हाईल?" तिसऱ्याने विचारलं, इटलीतल्या बायका आधी खातात तर त्यांचे नवरे मरत नाहीत का? मालकांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "मेले लय. पर ते लढाईनं." यावर पंगतीत दोन तट पडले. वाद इतका पेटला की सगळ्यांनी आपलं जेवण सोडलं. माझ्या भाकरीची वाफ विरली, फुगा खाली बसला.

खानावळीच्या बाईने दोन्ही भाकऱ्या उचलून हमालांच्या पानात टाकल्या आणि आम्हांला नव्या गरम दिल्या.

तेव्हा एका म्हाताऱ्या हमालाने न्याय केला. "मी तीन म्हनलं की दोघांनी बी एकदम घास घ्याचा. कुनी आदी न्हाई, कुनी मागं न्हाई." हे दोन्ही तटांना पटलं. त्याने एक म्हटलं, दोन म्हटलं, तीन म्हटलं. मी घास ओठाशी नेला आणि थांबले. पलीकडच्याने खरंच घेतला का? पोत्यातून दिसणार कसं?

"घेतला का?" पोत्यापलीकडून आवाज आला.

"न्हाई. तुमी?"

"मी बी न्हाई. तू घेतलास का बगत व्हतो."

ज्याने विचारलं त्याचं तोंड रिकामं, हे सगळ्या पंगतीच्या लगेच लक्षात आलं. पुन्हा एक, दोन, तीन. पुन्हा तेच. म्हाताऱ्या हमालाचा घसा बसला. आमच्या गार भाकऱ्या पंगतीला जात राहिल्या आणि नव्या भाकऱ्या आमच्याकडे येत राहिल्या, तशी पंगत भडकली. "आमाला गार, आनि ह्यास्नी गरम, ती बी नुसती बगाया?" त्यांचं काही चुकत नव्हतं. माझा जीव त्यांच्यासाठी तुटला, कारण गार भाकरी म्हणजे काय हे तिथे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

आता त्या बाईची धांदल उडाली. घाईघाईत थापायला गेली तर भाकरी कडेने चिरायला लागली. पीठ जुनं होतं, विरी गेलेली, चिकटपणाच उरला नव्हता. तिची एक भाकरी तव्यावर टाकताना मधोमध फाटली, दुसरी फाटली. मी तिच्या शेजारीच बसलेली. मी गप्प बसायला हवं होतं. इटलीतली बाई गप्प बसली असती. पण माझ्या तोंडून गेलं, "बाई, आधन घालून मळा."

"मग तूच मळ की!" ती फणकारली आणि परात माझ्याकडे सरकवली.

परात समोर आली की माझे हात मला विचारत नाहीत. मी उकळतं पाणी घातलं, पीठ मळलं, पहिला गोळा घेतला, आणि सुरू झाले. ती तव्यावर, मी परातीवर. भाकऱ्या सरळ उतरायला लागल्या तशी पंगत शांत झाली. पोत्यापलीकडे कोणीतरी म्हणालं, "वैनींचा आवाज बंद झाला. जेवाय लागल्या वाटतं." मालकांनी सुस्कारा सोडलेला मला ऐकू आला. त्यांची अट पुरी झाली होती. मग ते जेवायला लागले, आणि काय जेवले! मी थापतेय आणि ती बाई नेतेय, मी थापतेय आणि ती नेतेय, आणि पोत्यापलीकडून प्रत्येक खेपेला तोच पिवळ्या मिशांतला हुंकार.

माझ्या हातावर एक भाकरी असताना मालकांचा आवाज आला, मोठा, तृप्त, साऱ्या पंगतीला ऐकू जाईल असा. "भाकरी असावी तर अशी! आमच्या घरात असली मिळत न्हाई!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी ती भाकरी तशीच परातीत आपटली आणि पोतं बाजूला सारलं. कोपरापर्यंत पीठ, कपाळाला काजळी, तोंडात सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. मालकांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं, मग स्वतःच्या पानातल्या भाकरीकडे. तोंडातला घास त्यांना गिळवेना आणि टाकवेना. हमालांनी माना खाली घातल्या. मग त्यातलाच एक अगदी हळू म्हणाला, "वैनी, परातीतली तेवढी पुरी करता का?"

मी पुरी केली. काय करणार? उपाशी माणसाने मागितली होती. त्या एकीनंतर पीठच संपलं. खानावळीच्या बाईने माझे हात आपल्या पदराने पुसले आणि विचारलं, सांगलीत राहायला कधी येतेस. स्वतःसाठी काढून ठेवलेल्या दोन भाकऱ्या तिने मला फडक्यात बांधून दिल्या. आमची परतीची गाडी निघायची वेळ झाली होती, आणि अजून दात घ्यायचा होता.

दातवाला पेठेच्या तोंडाशी बसला होता. आपली कर्तबगारी लोकांना दिसावी म्हणून त्याने उपटलेल्या दातांचा एक ढीग फडक्यावर मांडला होता. मालकांनी त्यातला एक मागितला. त्याने निम्मं आयुष्य लोकांचे दात काढण्यात घालवलं होतं, पण दात नेणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटत होतं. "कसला दिऊ? दाढ का सुळा?" त्याने विचारलं. मालक म्हणाले, "दुखत आसंल असा." मी रागाने लांब उभी होते, म्हणून निवड त्यांच्यावर राहिली.

मिरजेच्या फलाटावर आम्ही एका बाकावर बसलो आणि मालकांनी फडकं सोडलं. भाकऱ्या गार झाल्या होत्या, अर्थातच. त्यांनी एक माझ्यापुढे धरली. मी ओढून घेतली आणि त्यांच्या आधी खाल्ली. त्यांच्या आयुष्याचा विचार त्या वेळी मला सुचला नाही. मी खाऊ लागल्यावर त्यांनी खाल्ली. म्हणजे ते म्हणत होते तसं झालं, समोरासमोर नसलं तरी शेजारी बसून, बाईने आधी, बाप्याने मागून. फक्त ती बाई खाताना रडत होती. गाडीत बसलो, ताकारी स्टेशन आलं. मग ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आवाज न्हवता म्हनून मला वाटलं, तू जेवतीस."

"जेवताना आवाज करायची सवय कुटं लागलीया मला?" मी म्हटलं. माझ्या पदरावरचं वाळलेलं पीठ त्यांनी नखाने खरवडून काढलं, साऱ्या डब्यासमोर.

दिवे लागायला आम्ही घरी पोचलो. पुरुषमाणसं ओसरीवर जेवणासाठी थांबली होती, कारण भाकऱ्या करणारी सांगलीला गेली होती. सासूबाई चुलीपाशी बसून होत्या. चूल पेटलेली, तवा चढवलेला, पीठ काढून ठेवलेलं. त्यांनी हात पुढे केला, "दात."

मालकांनी पुडी दिली आणि बैलाला वैरण टाकायला म्हणून पसार झाले. सासूबाईंनी दात दिव्यापाशी नेला. उलटा केला, सुलटा केला, नखाने घासला. मीही वाकून बघितला. दाढ कसली, खलबत्त्याचा तुकडा होता तो, आणि तंबाखूने मुळापर्यंत काळा.

"ह्या दाताचा धनी," सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्याहून थोरला हाय. आ कर."

मी आ केला. त्यांनी दिवा जवळ आणून सगळे दात बघितले. एकही कमी नव्हता.

"कशाला ग्येलतीस?"

खोटं बोलायला अंगात बळच उरलं नव्हतं. "भाकरी खायाला," मी म्हटलं.

"घरात भाकरी कमी पडती?"

"कमी न्हाई पडत, आत्याबाई. गार असती."

आता चुलीतलं लाकूड माझ्या पाठीत बसणार म्हणून मी अंग चोरून घेतलं. सासूबाई तशाच बसल्या होत्या, तो काळा दात मुठीत धरून. त्यांनी विचारलं, "मग? मिळाली?"

"न्हाई. तितं बी म्याच केल्या. सगळ्या पंगतीच्या."

त्या हसायला लागल्या. मी त्या घरात आल्यापासून त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे आधी मला वाटलं, ठसका लागला. पदर तोंडात कोंबून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसल्या. मग एकाएकी थांबल्या, डोळे पुसले आणि परात आपल्या पुढ्यात ओढली.

"बस," त्या म्हणाल्या. "पान घे."

मला कळेना. मी उभीच राहिले तर त्यांनी माझ्या लुगड्याला धरून खाली बसवलं. कित्येक वर्षांत त्यांच्या हाताला पीठ लागलं नव्हतं. पहिली भाकरी एका बाजूने जाड झाली, काठ वाकडा, मधे एक डाग करपला. पण आराला लावली तशी ती फुगली. बाहेर मामंजी खाकरले. सासूबाईंनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी भाकरी उचलली आणि थेट माझ्या पानात टाकली.

माझा हात पुन्हा थांबला. मालक अजून गोठ्यात होते.

"त्याला म्या जलम दिलाय," सासूबाई म्हणाल्या. "त्याच्या आयुष्याचं म्या बगते. तू खा."

मी पापुद्रा काढला. बोटं भाजली. पहिला घास तोंडात टाकला तो जिभेला चटका देऊन गेला, आणि मला हुंदका आला. इतकी गोड गोष्ट मी त्यापूर्वी खाल्ली नव्हती, नंतरही नाही. सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या, पोर पहिला घास कसा घेतं ते आई बघते तसं. त्यांच्याही ओठांची हालचाल होत होती.

"आत्याबाई," मी विचारलं, "तुमी कवा खाल्ली हो अशी?"

"माहेरात," त्या म्हणाल्या.

मी उठले, त्यांच्या हातातली परात काढून घेतली आणि त्यांना माझ्या जागी बसवलं. आधी नको नको म्हणाल्या, पुरुष खोळंबलेत म्हणाल्या. मी ऐकलं नाही. गोळा घेतला, थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, आराला लावली. साऱ्या जन्मात इतक्या भीतीने मी भाकरी केली नाही. ती फुगली. ती मी त्यांच्या पानात ठेवली, वर लोण्याचा गोळा. त्या कितीतरी वेळ नुसत्या तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी घास मोडला.

ओसरीवरून मामंजींचा चढा आवाज आला, "आगं, पानं घेताय का न्हाई? किती येळ?"

सासूबाईंनी घास एका गालात सारला. त्या घरात त्यांचा आवाज उंबऱ्याबाहेर कधी गेला नव्हता. तो त्या दिवशी गेला.

"थांबा वाईच!" त्या ओरडल्या. "आमी जेवतोय!"